काकांनी आणलेला कडू कागद

आमच्या घरी स्वयंपाकाची चव बायकांना कळत नाही, असा एक समज होता. समज पुरुषांचा होता आणि स्वयंपाक बायकांचा. आई पहाटे उठून चुलीपुढे बसायची ती देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कालथ्याला बोट लावायची नाही, कारण चाखलं की उष्टं. नैवेद्यानंतर पुरुषांचं पान. पहिला घास नाना, म्हणजे माझे वडील, घ्यायचे. घास तोंडात फिरवून, डोळे अर्धे मिटून, जरा वेळ घेऊन ते निकाल द्यायचे. मीठ कमी. फोडणी जळाली. आज जमलं. मग आई पदराला हात पुसत म्हणायची, "हा, आज जमनं." किंवा, "हा, मीठ कमीच पडनं." तिने अजून एक घासही खाल्लेला नसायचा. दुपारी उरलंसुरलं घेऊन ती बसायची तेव्हा चव कशी आहे ते ठरून गेलेलं असायचं. मी लहान असताना मला वाटायचं की लग्न झालं की बाईची जीभ नवऱ्याच्या तोंडात जाऊन बसते. आता सत्तरी उलटल्यावर वाटतं, माझं फारसं चुकलं नव्हतं.

नानांच्या जिभेला धुळ्याच्या बाजारात मान होता, हे मात्र खरं. त्यांचं ढेपेचं दुकान होतं. सरकीची ढेप, शेंगदाण्याची ढेप, गुरांसाठी. माल उतरला की ते पोत्यात हात घालून एक तुकडा काढायचे, दाताखाली धरायचे, चावायचे आणि थुंकून टाकायचे. ढेप जुनी आहे, ओली लागलेली आहे, खवट आहे, हे ते म्हणायचे आणि लोक मानायचे. गिऱ्हाईक कौतुकाने म्हणायचं, नानांची जीभ म्हणजे जीभ. नाना नम्रपणे मान हलवायचे. तो नम्रपणा इतका सरावाचा होता की त्याला पॉलिश केल्यासारखी चमक आली होती. आमच्या म्हशीला विचारलं असतं तर तिने वेगळं सांगितलं असतं. नानांनी पसंत केलेल्या ढेपेला ती कित्येकदा नाक लावून तोंड फिरवायची आणि मग नाना तिला मुजोर म्हणायचे. गाईम्हशींच्या जिभेवर माणसापेक्षा कितीतरी जास्त रुचिकलिका असतात, हे मी पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावर वाचलं. दिवसभर पालापाचोळा खाणाऱ्या जनावराला त्यातलं विषारी काय ते ओळखावंच लागतं. तिचा जीव त्यावर असतो. नानांचा फक्त मान होता.

मान आणखी एकाला होता, तो म्हणजे बापूकाकांना. नानांचे धाकटे भाऊ. ते जळगावला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. घरात त्यांना प्रोफेसर म्हणत. खरं तर ते डेमॉन्स्ट्रेटर होते, मुलांना बेडूक कापून दाखवायचे, पण धुळ्यात तेवढा बारकावा कोण बघतो. एसटीतून उतरून रिक्षातून येताना त्यांच्या हातात चामड्याची बॅग असायची आणि चेहऱ्यावर असं काही असायचं की आम्ही सगळ्यांनी त्यांच्या येण्याने थोडं शहाणं व्हायला हवं. ते आमच्याशी खानदेशीत बोलत नसत. "नाही, तसं नव्हे," ही त्यांची सुरुवात. समोरच्याने काहीही म्हटलेलं असो.

त्यांनी एकदा ओट्यावर खडूने मोठी जीभ काढली होती. शेंड्याला गोड, बाजूला खारट आणि आंबट, मागे कडू. गल्लीतली पोरं जमली. काका छडी घेऊन दाखवत होते. मी घरात जाऊन बोटाने साखर जिभेच्या मागे ठेवून बघितली. गोड लागली. काकांना सांगितलं तर म्हणाले, "नाही, तसं नव्हे. साखर विरघळून पुढे आली असणार." ती जीभ सगळी खोटी होती. कुणा जर्मन माणसाच्या जुन्या आलेखाचं कुणीतरी चुकीचं वाचन केलं आणि जगभरच्या मास्तरांनी ते वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांना कळतात. हे तपासायला एक चिमूट साखर लागते. पण चिमूटभर साखर तोंडात टाकून बघण्यापेक्षा छडी हातात घेणं सोपं. मला त्या मास्तरांचा अजून राग येतो. त्यांच्यातले बरेच माझ्या शाळेत माझ्याबरोबर काम करत होते.

मी दहावी-अकरावीच्या वयाची असेन, तेव्हाची हिवाळ्याची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत काका, काकू धुळ्याला आले होते. मागच्या अंगणात भरीत करायचं ठरलं. भरताची ती हिरवी, लांब, पोटात पांढरी वांगी धरणगावकडून टोपली भरून आली होती. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या, त्यात वांगी टाकली. सालं काळी पडून फुटायला लागली की आत पाणी सुटून चर्र आवाज येतो, आणि त्याचा वास अंगणाबाहेर गल्लीत जातो. आई आणि काकू गरम वांगी सोलत होत्या, बोटं भाजली की कानाच्या पाळीला लावत होत्या. मी लाकडी बडगीत मिरच्या आणि लसूण ठेचत होते. मिरचीचा ठसका माझ्या नाकात, डोळ्यांत. पिंजऱ्यातला आमचा पोपट मात्र तीच मिरची आवडीने खात होता. पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. तिखट ही चवच नव्हे, ती आग आहे, आणि पाखरांच्या तोंडात ती आग ओळखणारं काही नसतं. पुरुष ओट्यावर बसून भरताबद्दल बोलत होते. भरीत कसं असावं, तेल किती, कांद्याची पात कधी. ज्याने आयुष्यात वांगं सोललेलं नाही त्याच्याइतकं भरताबद्दल कोणाला माहीत नसतं.

पुऱ्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी व्हायला वेळ होता. तेवढ्यात काकांनी बॅगेतून एक छोटं पाकीट काढलं. त्यात कागदाचे पांढरे तुकडे होते, बोटाएवढे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेले. काका म्हणाले, "या कागदाला एक औषध लावलेलं आहे. काही लोकांना ते अतिशय कडू लागतं आणि काही लोकांना काहीच लागत नाही. जन्मतः. बघू आपलं खानदान कुठलं आहे ते."

पहिला कागद अर्थात नानांना. नानांनी तो ढेपेसारखा दाताखाली धरला, जिभेवर फिरवला, डोळे अर्धे मिटले. ओट्यावर शेजारचे दोघे बसले होते, तेही वाट बघत होते. नाना म्हणाले, "काहीच नही. कोरा कागद शे."

"बघा," काका हसले, "बाजारात एवढं नाव, आणि निसर्गाने इथे फसवलं." शेजारीही हसले. नानांचा चेहरा उतरला. त्यांच्या जिभेवर कोणी हसलेलं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

काकूंनी सर्दीचं निमित्त सांगून कागद घेतला नाही. त्या घरातली ती सगळ्यात शहाणी बाई होती, हे मला फार उशिरा कळलं. काकांनी आईला कागद दिला. आईने तो तोंडात घातला, लगेच तोंड पदराने पुसलं, नानांकडे बघितलं आणि म्हणाली, "माले बी काहीच लागनं नही. कोराच शे." नानांना जरा बरं वाटलेलं दिसलं. माझ्या धाकट्या भावालाही, सुरेशला, काही लागलं नाही. मग मी. कागद जिभेला लागला आणि मला वाटलं आता उलटी होईल. कडूनिंबाचा पाला चघळल्यासारखं, आणि जाता जाईना. मी थुंकले. म्हणाले, "जहर कडू शे."

"कागद कडू ऱ्हास का कधी?" नाना चिडून म्हणाले. मी त्यांना उघडं पाडलं असं त्यांना वाटलं असावं. पण काकांचे डोळे चमकले. त्यांनी खडू मागवला आणि ओट्यावर चौकोन काढायला लागले. ही आनुवंशिकता आहे, कडू लागण्याचा गुण जोरदार, न लागण्याचा गुण दुबळा, दुबळा गुण दोन्हीकडून आला तरच माणसाला कडू लागत नाही. त्यांची गाडी घाटात उतरायला लागल्यासारखी वेगात होती. "म्हणजे बघा, आईलाही लागत नाही, बापालाही लागत नाही, तर मुलाला कडू लागणं शक्यच..." एवढं बोलून ते थांबले. खडू चौकोनात टेकलेला. शेजारच्यांपैकी एकाने खोकला काढला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि मग चौकोन हाताने पुसून टाकला. बोलले असते तर बरं झालं असतं. पुसलेल्या चौकोनाचा अर्थ ओट्यावरच्या सगळ्यांना कळला. चुलीजवळच्या आईला तो कळला नाही, आणि मला फक्त एवढं कळलं की माझं काहीतरी चुकलं.

भरीत फार चांगलं झालं होतं. निकाल न देताच नाना पानावरून उठले.

आज मला त्या चौकोनाबद्दल जे माहीत आहे ते काकांना तेव्हा पुस्तकात सापडलं असतं. त्या कागदाचा गुण इतका सरळ चालत नाही. काहींना थोडं लागतं, काहींना फार, आणि ज्यांना लागत नाही अशांच्या पोटी लागणारी मुलं जन्मल्याची उदाहरणं आहेत. शिवाय ज्याला हा कागद कोरा लागतो त्यालाही कारलं कडूच लागतं. म्हणजे नानांची जीभ काही मेलेली नव्हती. फक्त एका प्रकारच्या कडूपुरती बहिरी होती. मांजराला गोड कळत नाही, म्हणून कोणी मांजराला मूर्ख म्हणत नाही. आमचं मांजर शिऱ्याला हुंगून निघून जायचं आणि दुधाच्या सायीसाठी जीव टाकायचं. त्याला काय कळतं आणि काय नाही, हे त्याला नीट माहीत होतं. काकांना एवढं माहीत असतं तर आम्ही सगळे वाचलो असतो.

दुसऱ्या दिवसापासून नाना बदलले. मी पाण्याचा तांब्या दिला की ते सुरेशला हाक मारायचे. मी समोर बसले की माझ्या तोंडाकडे बघायचे. नाक, कपाळ, भुवया. पोत्यातला माल बघतात तसे. एकदा आरशापुढे उभे राहून ते स्वतःचं नाक बघत होते. तेव्हाही मला अर्थ कळला नव्हता. मला वाटलं ते आजारी आहेत. मग एका सकाळी त्यांनी माझ्या पुढच्या शिक्षणाचा विषय काढला. मी मॅट्रिकनंतर जळगावला कॉलेजात जायचं, हे कधीचं ठरलेलं होतं. नाना म्हणाले, "पोरीले कशाले इतलं. बघू." आई नेहमी त्यांच्यामागून त्यांचंच म्हणणं म्हणायची, तेव्हा म्हणाली नाही. मी पहिल्यांदा तिला नवऱ्याच्या निकालानंतर गप्प बसलेलं बघितलं.

अर्थ काकूंनी सांगितला. आम्ही तिघी मोरीजवळ भांडी घासत होतो. काकू हळू आवाजात, खाली बघत, एकेक शब्द तोडून सांगत गेल्या. चौकोन, गुण, कडू, कोरं, आणि शेजारचे गल्लीत काय बोलतात ते. आईचा हात तव्यावर थांबला. मला वाटलं ती रडेल. ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली. काकूंना म्हणाली, "त्यासना कागद आन एक."

काकूंनी काकांच्या बॅगेतून आणून दिला. आईने हात धुतले, पुसले, माझ्यासमोर उभी राहिली आणि कागद जिभेवर ठेवला. तिचा चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं, ती मोरीत थुंकली आणि चूळ भरत राहिली. माझ्यापेक्षा तिला जास्त कडू लागलं होतं. मला एकदम आठवलं की आई पत्ताकोबी कधी खायची नाही. कधीतरी नाना बाजारातून आणायचे, ती करायची, आणि स्वतः भाकरीबरोबर ठेचा घ्यायची. कोबीतही त्याच जातीचं कडू असतं, काहींनाच कळणारं, हे मी पुढे वाचलं. तोवर तिने का खात नाही हे घरात कोणी तिला विचारलं नव्हतं. मीही नाही.

"मग त्या दिवशी खोटं का बोलली?" मी विचारलं.

"त्यासले हसत व्हतात ना बठ्ठा," आई म्हणाली. "ढेपना बाजारमा त्यासनी जीभ चालस. मी कडू म्हनती ते आनखी हसतात."

ती त्यांची लाज राखायला खोटं बोलली होती. मला इतका राग आला की मी तिचा हात धरून ओढायला लागले. चल, आत्ता चल, दुकानात जाऊन सांग त्यांना. आईने हात सोडवून घेतला. तिचा चेहरा असा झाला होता, जसा मी आधी कधी बघितला नव्हता. "माले कोनी इचारं का? कागदले इचारं. मंग कागदच सांगी त्यासले," ती म्हणाली. "इतला वरीस मना हातनं खादं, आनि त्यासले कागद लागना."

मी म्हणाले, माझं काय. माझं कॉलेज, आणि माझं सगळंच. आई म्हणाली, "तुले कळनं ना? मंग बस." मला ते पुरेसं नव्हतं. आजही मला वाटतं, तेव्हा ते मला पुरेसं असायचं कारण नव्हतं.

काका जळगावला परत जायचे त्या दिवशी दुपारी दोघे भाऊ पानावर बसले होते. काकांना काहीतरी टोचत होतं. पश्चात्ताप नव्हे. काकांना पश्चात्ताप झाल्याचं मी कधी बघितलं नाही. प्रयोग अर्धा राहिल्याची चुटपुट होती. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि आई भाकरी वाढायला आली तेव्हा म्हणाले, "वहिनी, एकदा परत चाखून बघा. शास्त्रात प्रयोग दोनदा करावा लागतो. म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको." नानांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. ते आईला विनवत होते की कडू आहे म्हण. एक शब्द बोलायचा होता, आणि तो खरा होता.

आईने कागद घेतला. चुलीकडे गेली आणि निखाऱ्यात टाकला. भुर्रकन जळून गेला. मग भाकरीचं टोपलं तिथेच ठेवून, दोघांकडे बघत ती म्हणाली, "मनी पोरना बाप कोन शे, हाई माले ठाऊक शे. ज्यासले ठाऊक नही, त्या बसोत कागद चाटत." आणि मागच्या दारी निघून गेली. वाढायचं तसंच राहिलं. आमच्या घरात पुरुषांच्या पानात भाकरी न वाढता बाई उठून गेलेली मी तेव्हा बघितली. पुन्हा कधी नाही.

काका ताटाकडे बघत बसले. मग नानांनी हात पुढे केला. "आन रे बापू, एक इकडे." काकांनी मुकाट्याने कागद दिला. नानांनी तो तोंडात घातला. जिभेवर फिरवला. डोळे अर्धे मिटले. मी चुलीजवळ उभी राहून बघत होते. नाना म्हणाले, "कडू शे."

"पण नाना, त्या दिवशी तर..."

"त्या दिन तंबाखू व्हती तोंडमा."

काकांचा चेहरा उजळला. "हां, बरोबर. तंबाखूने जीभ बधिर होते. मी आधी चूळ भरायला सांगायला हवं होतं," असं म्हणून त्यांनी तंबाखूचा जिभेवर होणारा परिणाम समजावून सांगायला सुरुवात केली. कॉलेजात बेडूक कापणाऱ्या त्या माणसाला समोर बसलेल्या माणसाचं तोंड वाचता आलं नाही. ज्याला तो कागद कडू लागतो तो त्याला तोंडात ठेवूच शकत नाही. नानांनी तो चघळला आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकला. त्यांना काहीही लागलं नव्हतं. ते खोटं बोलले होते, आणि ते माझ्यासाठी बोलले होते. संध्याकाळपर्यंत शेजारीही तंबाखूबद्दल बोलत होते.

मी मागच्या दारी जाऊन आईला सांगितलं. ती म्हशीपुढे चारा टाकत होती. तिने ऐकलं आणि चारा टाकत राहिली. मी म्हणाले, आता तरी सांग त्यांना खरं काय ते, त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं. आई म्हणाली, "त्यासनी माले माफ करं. मी काय करं व्हतं?"

मी जळगावच्या कॉलेजात गेले. विज्ञानच घेतलं, आणि त्यात आवड किती आणि सूड किती हे मला आजही नीट सांगता येणार नाही. नानांनी फी भरली, पुढे लग्न थाटात करून दिलं, माझ्या मुलांना मांडीवर घेतलं. सगळं केलं, आणि ते करताना त्यांच्या चेहऱ्यावर एक थोरपणा असायचा. गल्ली त्यांना सज्जन म्हणायची. आईला त्यांचा तो थोरपणा दिसायचा, आणि एका वाक्यात तिला तो उतरवता आला असता. तिने उतरवला नाही. मीही नाही. तिच्या मनात दया नव्हती. तिच्या लेखी, त्यांना ते सांगावं एवढी त्यांची किंमत उरली नव्हती, आणि त्या बाबतीत मी तिची मुलगी आहे.

नाना धुळ्याच्या दवाखान्यात वारले. शेवटच्या दिवसांत त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, कशाचीच चव लागत नव्हती. आई पायाशी बसलेली होती. त्यांनी माझा हात धरला, छातीवर ठेवला आणि फार मोठ्या मनाने म्हणाले, "काहीबी ऱ्हावो, तू मनीच पोर शे."

मी होतेच.